फोडले तरी ऊर्जा, जोडले तरी ऊर्जा?

काही वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका प्रशिक्षण वर्गात अणुऊर्जेवरचे व्याख्यान संपवून आम्ही प्रश्नांची वाट पाहत उभे होतो. मागच्या बाकावरून एक बाई उठल्या. म्हणाल्या, "सर, हा प्रश्न माझा नाही, माझ्या दहावीतल्या एका मुलीचा आहे. युरेनियमचा अणू फोडला की ऊर्जा मिळते आणि हायड्रोजनचे अणू जोडले की ऊर्जा मिळते, असे आपण शिकवतो. मग तिने विचारले, एकच अणू घ्यायचा, फोडायचा, पुन्हा जोडायचा, पुन्हा फोडायचा. दर वेळी ऊर्जा मिळेल. मग विजेचा तुटवडा कशाला? मला काही उत्तर सुचले नाही."

वर्गात हशा पिकला. आम्ही फळ्यावर ई = एमसी² लिहिले, वस्तुमानाचा थोडासा भाग नाहीसा होऊन त्याची ऊर्जा बनते असे सांगितले, आणि बाईंनी ते वहीत उतरवून घेतले. परतताना एस्टीत बसल्यावर आमच्या लक्षात आले की आपण मुलीच्या प्रश्नाचे उत्तर दिलेच नाही. फोडताना वस्तुमान का घटते? जोडतानाही का घटते? आणि दोन्ही वेळी घटत असेल, तर फोडत-जोडत बसायला हरकत काय? आमचे सूत्र या प्रश्नाला हातही लावत नव्हते. हा लेख म्हणजे तेव्हा द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे.

शिल्लक नव्हे, उसनवारी

घोटाळ्याची सुरुवात 'बंधनऊर्जा' या शब्दापासून होते. शब्द ऐकला की वाटते, केंद्रकातील कणांना बांधणाऱ्या दोरीत कुठे तरी ऊर्जा साठवलेली आहे. दोरी तोडली की ती मोकळी होते. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. बंध तोडायला ऊर्जा लागते. ऊर्जा बाहेर पडते ती बंध जुळताना. (रसायनशास्त्रातही हीच चूक होते. जीवशास्त्राच्या तासाला एटीपीचा बंध 'तुटून' ऊर्जा मिळते असे सांगितले जाते, तेव्हा नवे, अधिक पक्के बंध जुळतात ही अर्धी गोष्ट सांगायची राहून जाते.)

सर्वांत साधे उदाहरण ड्यूटेरियमच्या केंद्रकाचे. त्यात एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन असतो. हे दोघे जवळ येऊन चिकटले की २.२ एमईव्ही ऊर्जा गॅमा किरणाच्या रूपाने बाहेर पडते. (एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट. कोळशातील कार्बनचा एक अणू जळतो तेव्हा साधारण ४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट मिळतात, एवढे तुलनेसाठी ध्यानात ठेवावे.) आता या जोडीला पुन्हा सुटे करायचे असेल तर तेवढेच २.२ एमईव्ही बाहेरून द्यावे लागतात. आडात पोहरा पडला की धप्पकन आवाज होतो, पाणी उडते. ही ऊर्जा बाहेर गेली. पोहरा वर आणायचा तर तेवढे कष्ट आपल्याला करावे लागतात. बंधनऊर्जा म्हणजे त्या आडाची खोली. आड जितका खोल, तितकी पोहऱ्याजवळची ऊर्जा कमी. म्हणजे बंधनऊर्जा ही केंद्रकाच्या खात्यातली शिल्लक नव्हे, ती त्याच्यावरची उसनवारी आहे.

निरनिराळ्या केंद्रकांचे आड किती खोल आहेत ते मोजलेले आहे. तुलना करायची तर एकूण खोलीपेक्षा दर कणामागची खोली, म्हणजे केंद्रकातील एका प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनमागे किती बंधनऊर्जा येते, ते पाहावे. ड्यूटेरियमसाठी ती १.१ एमईव्ही आहे. हेलियम-४ साठी एकदम ७.१. कार्बन-१२ साठी ७.७, ऑक्सिजन-१६ साठी ८.०, लोह-५६ साठी ८.८. इथे चढती संपते. पुढे कथील-१२० साठी ८.५, शिसे-२०८ साठी ७.९ आणि युरेनियम-२३५ साठी ७.६. (अगदी काटेकोरपणे पाहिले तर पहिला क्रमांक निकेल-६२ चा लागतो, लोहाचा नव्हे; पण फरक इतका बारीक आहे की शाळेत लोहच म्हणावे.)

पुस्तकात हा आलेख डोंगरासारखा काढलेला असतो, लोह शिखरावर. आमची शिक्षकांना विनंती आहे की तो एकदा उलटा काढून पाहा. वर दिलेले आकडे ऋण चिन्ह लावून आलेखकागदावर मांडा. डोंगराच्या जागी दरी दिसेल आणि लोह तळाशी बसलेले दिसेल. डाव्या बाजूने, हायड्रोजनकडून, उतार कोकणात उतरणाऱ्या घाटासारखा सरळसोट आहे. उजव्या बाजूने, युरेनियमकडून, तो देशावरच्या माळासारखा सौम्य आहे. ऊर्जा मिळते ती तळाकडे उतरताना. हलकी केंद्रके जोडली की आपण डावीकडून तळाकडे सरकतो. जड केंद्रके फोडली की उजवीकडून.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आता दोन वाक्यांत देता येते. युरेनियम फोडून जे तुकडे मिळाले, ते पुन्हा जोडून युरेनियम बनवायचे म्हणजे उतरलेली चढण पुन्हा चढायची. जेवढी ऊर्जा मिळाली होती तेवढी परत मोजावी लागेल. हेलियम फोडून पुन्हा हायड्रोजन मिळवायचा तरी तेच. फोडणे आणि जोडणे या दोन्हींतून ऊर्जा मिळते हे खरे, पण एकाच केंद्रकाच्या बाबतीत नव्हे.

मग ई = एमसी² कशाला?

हिशेब तपासायला. केंद्रक तराजूत घालून त्याची उसनवारी मोजता येते, एवढाच त्या सूत्राचा इथे उपयोग, आणि तो फार मोठा आहे. पण सूत्र हे कारण नव्हे. शेगडीत कोळसा जळतो तेव्हाही वस्तुमान घटते. १२ किलो कार्बन आणि ३२ किलो ऑक्सिजन यांचा ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होताना सुमारे ३९ कोटी ज्यूल उष्णता बाहेर पडते आणि वस्तुमान ४.४ मायक्रोग्रॅमने कमी होते. कोणत्याही तराजूवर हा फरक दिसणार नाही, म्हणून रसायनशास्त्रात वस्तुमान अक्षय राहते असे आपण बिनधास्त शिकवतो. केंद्रकाच्या बाबतीत घट हजारात एक किंवा शंभरात पाऊण अशी असते, म्हणून ती मोजता येते. फरक प्रमाणाचा आहे, जातीचा नाही.

विद्यार्थ्यांची आणखी एक समजूत दूर करावी लागते. 'वस्तुमान नाहीसे होते' म्हटले की त्यांना वाटते, एखादा प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन जळून खाक होतो. युरेनियमच्या विखंडनाचे एक नेहमीचे उदाहरण घेऊ. युरेनियम-२३५ मध्ये एक न्यूट्रॉन शिरतो आणि बेरियम-१४१, क्रिप्टॉन-९२ व तीन सुटे न्यूट्रॉन बाहेर पडतात. आधीचे कण २३५ अधिक १, म्हणजे २३६. नंतरचे १४१, ९२ आणि ३, म्हणजे २३६. प्रोटॉन आधी ९२, नंतर ५६ आणि ३६, म्हणजे ९२. एकही कण हरवलेला नाही. तरीही वजन केले तर आधीची बेरीज २३६.०५३ आणि नंतरची २३५.८६७ अणुवस्तुमान एकके भरते. तूट ०.१८६ एककांची. एका एककाची किंमत ९३१.५ एमईव्ही धरली की १७३ एमईव्ही होतात. तेच कण, तेवढेच कण, फक्त अधिक खोल आडात जाऊन बसले आहेत.

एका बळाची पोच, दुसऱ्याची संख्या

आता खरा प्रश्न. दरीचा तळ लोहापाशीच का? हलक्यांना जोडलेले आवडते आणि जडांना फोडलेले आवडते, असा भेद का? इथे केंद्रकात एकाच वेळी नांदणारी दोन बळे ओळखावी लागतात.

पहिले केंद्रकीय बळ. ते प्रोटॉन-न्यूट्रॉन भेद न करता सर्वांना खेचते आणि फार जोरकस आहे, पण त्याची पोच अगदी तोकडी आहे: शेजारच्या कणापर्यंत, त्यापलीकडे जवळजवळ नाही. म्हणून प्रत्येक कणाला आपल्या शेजाऱ्यांपुरताच आधार मिळतो. मूठभर गोट्या घेऊन वर्गात हे दाखवता येते. चार गोट्या एकमेकींना चिकटून ठेवल्या तर प्रत्येकीला तीनच शेजारी. शंभर गोट्यांचा गोळा केला तर आतल्या गोटीला बारापर्यंत शेजारी मिळतात. उपाशी राहतात त्या फक्त पृष्ठभागावरच्या. लहान केंद्रक म्हणजे जवळजवळ सगळा पृष्ठभागच, म्हणून त्याची बांधणी सैल. दोन लहान केंद्रके एक झाली की पृष्ठभाग घटतो, शेजारी वाढतात, बांधणी पक्की होते. अळूच्या पानावर दोन थेंब एकमेकांना टेकले की चटकन एक होतात, तेही याच तत्त्वाने: आतल्या रेणूला शेजारी जास्त, पृष्ठभागावरच्याला कमी.

केवळ हे एकच बळ असते तर केंद्रके मोठी होत गेली असती आणि कोणतेही फोडून काही मिळाले नसते. पण दुसरे बळही आहे, ते विद्युत बळ. सगळे प्रोटॉन धनभारित, म्हणून ते एकमेकांना ढकलतात. कणागणिक हे बळ केंद्रकीय बळापेक्षा दुबळे आहे, पण त्याची पोच लांब आहे. केंद्रकाच्या एका टोकाचा प्रोटॉन दुसऱ्या टोकाच्या प्रोटॉनलाही ढकलतो. त्यामुळे इथे शेजारी मोजून भागत नाही, सगळ्या जोड्या मोजाव्या लागतात. हेलियममध्ये प्रोटॉनांची जोडी एक. लोहात २६ प्रोटॉन, जोड्या ३२५. युरेनियमात ९२ प्रोटॉन, जोड्या ४१८६. (वर्गातील प्रत्येकाने प्रत्येकाशी हस्तांदोलन केले तर किती हस्तांदोलने होतील, हे गणिताच्या तासाचे कोडे इथे जसेच्या तसे चालते.) लोहाहून युरेनियमात प्रोटॉन साडेतीन पट, पण भांडणाऱ्या जोड्या जवळजवळ तेरा पट. आधार शेजाऱ्यांपुरता आणि विरोध सगळ्यांचा, अशी स्थिती.

लहान केंद्रकांत पहिले बळ सरस ठरते, मोठ्यांत दुसरे डोईजड होत जाते. दोघांची तडजोड लोहाच्या आसपास सर्वांत चांगली जमते. दरीचा तळ तिथे आहे तो एवढ्याचसाठी.

यातून एक गोष्ट निघते, जी पाठ्यपुस्तकांत आम्हांला क्वचितच आढळली. संमीलनातून मिळते ती केंद्रकीय बळाची कमाई आहे. विखंडनातून मिळते ती मुख्यतः विद्युत बळाची. युरेनियमचे केंद्रक दुभंगते तेव्हा केंद्रकीय बळाच्या दृष्टीने उलट तोटाच होतो, कारण पृष्ठभाग वाढतो. तो तोटा भरून काढून वर घसघशीत नफा देते ते प्रोटॉनांचे एकमेकांना दूर लोटणे. अणुभट्टीतली उष्णता मूळची विद्युत ऊर्जा आहे, असे म्हटले तर ते चूक ठरणार नाही.

बर्फातली आकडेमोड

हे सारे प्रथम ज्यांच्या लक्षात आले त्यांनी ते कागदाच्या चिटोऱ्यांवर, उघड्यावर, बर्फात बसून मांडले होते. १९३८ च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये ओटो हान आणि फ्रिट्झ श्ट्रासमान या रसायनतज्ज्ञांना, न्यूट्रॉनांचा मारा केलेल्या युरेनियमात बेरियम सापडले. युरेनियमच्या जवळपास निम्म्या वस्तुमानाचे हे मूलद्रव्य तिथे कोठून आले, हे त्यांना उमगेना. हानने आपली जुनी सहकारी लीझे माइटनर हिला पत्र लिहिले. ती ज्यू कुळातली, म्हणून त्याच वर्षी जुलैत तिला जर्मनीतून निसटून स्वीडनला जावे लागले होते. नाताळात ती कुंगेल्व या गावी होती आणि तिचा भाचा ओटो फ्रिश, तोही भौतिकशास्त्रज्ञ, कोपनहेगनहून तिला भेटायला आला होता.

दोघे बर्फातून फिरायला निघाले. फ्रिश स्कीवरून, मावशी पायी. केंद्रक हे द्रवाच्या थेंबासारखे असते ही कल्पना तेव्हा नील्स बोरमुळे रुजली होती. माइटनर-फ्रिश यांनी हिशेब केला की थेंबाला गोल ठेवणारा पृष्ठताण आणि त्याला ताणणारा विद्युतभार, युरेनियमाइतक्या भारी केंद्रकात एकमेकांना जवळजवळ निष्प्रभ करतात. असा डळमळता थेंब एका न्यूट्रॉनच्या धक्क्याने लांबट होईल, मध्ये बारीक होईल आणि दुभंगेल. दुभंगलेले तुकडे एकमेकांना केवढ्या जोराने लोटतील?

हे गणित अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना करता येते. दोन प्रोटॉन एकमेकांपासून १०⁻¹⁰ मीटर, म्हणजे अणूच्या आकाराइतक्या अंतरावर असतील तर त्यांच्यातली विद्युत स्थितिज ऊर्जा १४.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. रासायनिक ऊर्जा याच घरात असतात. आता दोन फरक करा. एकेका प्रोटॉनऐवजी ५६ आणि ३६ प्रोटॉनांचे तुकडे घ्या. गुणाकार २०१६ पट झाला. आणि अंतर अणूएवढे न घेता दोन केंद्रके नुकतीच सुटी होत असतानाचे घ्या, साधारण १४.५ × १०⁻¹⁵ मीटर. म्हणजे अंतर ६९०० पटींनी कमी. १४.४ गुणिले २०१६ गुणिले ६९००. उत्तर २० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे २०० एमईव्ही. कोळशाच्या एका अणूचे ४ आणि युरेनियमच्या एका अणूचे २० कोटी, हा अचाट फरक कोणत्याही गूढ शक्तीचा नाही. तो एवढ्या भाराला एवढ्याशा जागेत कोंडल्याचा आहे.

माइटनरला केंद्रकांच्या वस्तुमानांचे सूत्र पाठ होते. दोन तुकड्यांचे वस्तुमान मूळ केंद्रकापेक्षा प्रोटॉनच्या सुमारे एक-पंचमांशाने कमी भरेल, असे तिने काढले. त्याची ऊर्जा किती? तीही २०० एमईव्हीच्या आसपास. एक हिशेब विद्युतभारांवरून केला, दुसरा वस्तुमानावरून, आणि दोन्ही एका जागी येऊन मिळाले. १३ जानेवारी १९३९ ला कोपनहेगनच्या प्रयोगशाळेत फ्रिशला त्या वेगवान तुकड्यांचे विद्युत ठोके प्रत्यक्ष पाहायला मिळाले. पेशींच्या विभाजनाला काय म्हणतात, असे त्याने तिथल्या एका अमेरिकन जीवशास्त्रज्ञाला विचारले आणि 'फिशन' हा शब्द उचलला. १९४४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक या शोधासाठी एकट्या हानला मिळाले. माइटनरला कधीच मिळाले नाही. पुढे १०९ क्रमांकाच्या मूलद्रव्याला तिचे नाव दिले गेले, पण तेव्हा ती हयात नव्हती.

भट्टी बंद केली, तरी

वरच्या उदाहरणात आपल्याला १७३ एमईव्ही मिळाले आणि नंतर २०० म्हटले. मधले सत्तावीस कुठे गेले, असा प्रश्न जागरूक विद्यार्थी विचारील. ते उशिरा येतात. बेरियम-१४१ आणि क्रिप्टॉन-९२ या तुकड्यांत न्यूट्रॉनांची फार गर्दी असते. एकामागून एक बीटा कण टाकत बेरियमचे अखेर प्रासिओडिमियम-१४१ होते आणि क्रिप्टॉनचे झिर्कोनियम-९२. या उतरणीत आणखी २६ एमईव्ही बाहेर पडतात. त्यातले काही न्यूट्रिनो पळवतात आणि ते आपल्या हाती लागत नाहीत. बाकीची उष्णता होते.

हा उशिरा येणारा वाटा लहान वाटला तरी तो थांबवता येत नाही. नियंत्रक दांडे खाली सोडून साखळी प्रक्रिया क्षणात बंद करता येते, पण आधीच तयार झालेले तुकडे आपापल्या अर्धायुष्यानुसार क्षय पावत राहतात. बंद केल्याच्या क्षणी भट्टीच्या पूर्ण उष्णतेपैकी सुमारे सहा-सात टक्के उष्णता चालूच असते. तासाभराने ती दीड टक्क्याच्या आसपास येते आणि मग फार सावकाश उतरते. मोठ्या भट्टीची औष्णिक शक्ती दोन-तीन हजार मेगावॉट असते. त्याचा दीड टक्का म्हणजे तीस-चाळीस मेगावॉट. पाणी खेळवत राहिले नाही तर इंधन वितळायला ते पुरेसे आहे. मार्च २०११ मध्ये जपानमधील फुकुशिमा येथे हेच झाले. भूकंप होताच चालू असलेल्या भट्ट्या ठरल्याप्रमाणे बंद पडल्या होत्या. विखंडन थांबले होते. सुनामीने पाणी खेळवणारे पंप आणि वीज गेली, आणि उरलेल्या उष्णतेने घात केला. 'अणुभट्टी म्हणजे सावकाश फुटणारा बाँब' असे वर्गात कोणी म्हणाले तर त्याला हा फरक जरूर सांगावा. भट्टीचा धोका स्फोटक विखंडनाचा नसून या न विझणाऱ्या निखाऱ्यांचा आहे.

एवढा उतार समोर असताना युरेनियम आपोआप घसरत का नाही? कारण कड्यावर एक छोटा बांध आहे. थेंब दुभंगण्याआधी त्याला लांबट करावे लागते आणि त्यासाठी सुमारे ६ एमईव्ही लागतात. युरेनियम-२३५ ने एक न्यूट्रॉन गिळला की त्या न्यूट्रॉनच्या बंधनातूनच ६.५ एमईव्ही मिळतात. बांध ओलांडला जातो, मग न्यूट्रॉन कितीही मंद असो. युरेनियम-२३८ मध्ये तीच कमाई ४.८ ची होते आणि गाडी बांधापाशी अडते. निसर्गातल्या युरेनियमात २३५ चा हिस्सा जेमतेम ०.७ टक्के. तारापूरला १९६९ साली सुरू झालेल्या पहिल्या दोन भट्ट्यांसाठी समृद्ध केलेले युरेनियम लागले. त्याच आवारात २००५-०६ मध्ये सुरू झालेल्या दोन भट्ट्या जड पाण्यामुळे नैसर्गिक युरेनियमावर चालतात. एक किलो युरेनियम-२३५ पूर्ण विखंडित झाले तर चार-पाच हजार टन कोळशाइतकी उष्णता मिळते आणि वस्तुमान घटते सुमारे एक ग्रॅम.

सूर्याचा धीमेपणा

संमीलनातला बांध फार उंच आहे. दोन प्रोटॉन केंद्रकीय बळाच्या पोचीत यायचे तर आधी विद्युत ढकलाढकलीतून जावे लागते.

१९२० मध्ये फ्रान्सिस अ‍ॅस्टन याने मोजून दाखवले की हेलियमचा एक अणू हायड्रोजनच्या चार अणूंपेक्षा हलका असतो. आजचे आकडे घेतले तर ४.०३१३ आणि ४.००२६, म्हणजे तूट ०.७ टक्के, किंवा २६.७ एमईव्ही. त्याच वर्षी आर्थर एडिंग्टन याने सूर्याची ऊर्जा यातूनच येत असावी असे जाहीर भाषणात सुचवले. अडचण एकच होती: सूर्याच्या गाभ्याचे दीड कोटी अंश तापमानही प्रोटॉनांना बांध ओलांडायला अपुरे पडत होते. ती अडचण पुंजयामिकीने सोडवली. कण बांधावरून न जाता क्वचित बांधातून आरपार जाऊ शकतो, हे १९२८ मध्ये जॉर्ज गॅमोव्ह याने केंद्रकांच्या बाबतीत दाखवले. पुढच्या वर्षी अ‍ॅटकिन्सन आणि हाउटरमान्स यांनी ते ताऱ्यांना लावले.

तरीही पहिली पायरी अत्यंत अवघड राहते. दोन प्रोटॉनांचे ड्यूटेरियम व्हायचे तर त्या ओझरत्या भेटीतच एका प्रोटॉनचा न्यूट्रॉन व्हावा लागतो, आणि हे काम करणारे बळ फार क्षीण आहे. सूर्याच्या गाभ्यातील एखाद्या प्रोटॉनला ही संधी मिळायला सरासरीने शेकडो कोटी वर्षे लागतात. परिणाम गमतीचा आहे. सूर्याच्या ऐन केंद्रात दर घनमीटरला जेमतेम पावणेतीनशे वॉट उष्णता निर्माण होते. शांत बसलेला माणूस सुमारे शंभर वॉट उष्णता देतो आणि त्याचे आकारमान घनमीटरच्या चौदाव्या हिश्शाएवढे. म्हणजे घनमीटरमागे आपण सूर्याच्या गाभ्यापेक्षा चार-पाच पट 'पेटलेले' आहोत! सूर्य प्रखर आहे तो केवळ अवाढव्य असल्यामुळे. दर सेकंदाला तिथे सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचे हेलियम होते आणि ४० लाख टनांहून अधिक वस्तुमान प्रकाशाबरोबर निघून जाते. हा धीमेपणा नसता तर पृथ्वीवर जीवसृष्टी उमलायला लागलेला वेळ मिळालाच नसता.

म्हणूनच 'प्रयोगशाळेत सूर्य आणणार' ही वर्तमानपत्री भाषा आम्हांला पटत नाही. सूर्याची कृती पृथ्वीवर निरुपयोगी आहे. इथे ड्यूटेरियम आणि ट्रिटियम ही जोडी वापरतात, कारण त्यांत प्रोटॉनचा न्यूट्रॉन होण्याची वाट पाहावी लागत नाही. त्यांचे हेलियम आणि एक न्यूट्रॉन होतो आणि १७.६ एमईव्ही मिळतात. दर कणामागे पाहिले तर हे ३.५ एमईव्ही होतात. विखंडनात ते ०.८५ च्या आसपास असतात. घाटाचा उतार माळापेक्षा तीव्र असतो म्हटले ते हेच. पण यासाठी सूर्याच्या गाभ्याहूनही जास्त, दहा कोटी अंशांच्या वर तापमान लागते, आणि ट्रिटियम निसर्गात जवळजवळ नाही. त्याचे अर्धायुष्य १२.३ वर्षे असल्याने ते लिथियमपासून बनवत राहावे लागते.

५ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेतील लिव्हरमोर येथील प्रयोगशाळेत लेसर किरणांतून इंधनाच्या गोळीवर २.०५ मेगाज्यूल ऊर्जा टाकली गेली आणि संमीलनातून ३.१५ मेगाज्यूल मिळाली. नियंत्रित संमीलनात घातल्यापेक्षा जास्त निघण्याची ही पहिली वेळ, म्हणून ती घटना मोठी. पण ३.१५ मेगाज्यूल म्हणजे किती? दहा लिटर पाण्याला उकळी येईल इतके. आणि ते लेसर चालवायला विजेच्या तारांतून सुमारे ३०० मेगाज्यूल घ्यावे लागले होते. दुसरा मार्ग चुंबकीय क्षेत्रात प्लाझ्मा कोंडून धरण्याचा. त्या मार्गावर आपल्याकडे गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत 'आदित्य' हा टोकामॅक १९८९ मध्ये सुरू झाला, आणि फ्रान्समध्ये उभारल्या जात असलेल्या 'इटर' प्रकल्पात भारत भागीदार आहे.

एक धागा सुटा राहिला. लोह जर दरीच्या तळाशी, तर त्याच्या पलीकडची चढण चढून युरेनियम तयार झालेच कसे? मोठ्या ताऱ्याच्या गाभ्यात संमीलन पायरीपायरीने लोहापर्यंत येते आणि तिथे कमाई संपते. आधार गेलेला गाभा स्वतःच्या वजनाखाली सेकंदाहून कमी वेळात कोसळतो आणि न्यूट्रॉन तारा मागे राहतो. असे दोन न्यूट्रॉन तारे पुढे कधी एकमेकांवर आदळले की न्यूट्रॉनांचा इतका मुबलक पूर येतो की केंद्रके ते भराभर गिळत चढण चढून जातात. ऑगस्ट २०१७ मध्ये अशी एक टक्कर गुरुत्वीय लहरींतून आणि प्रकाशातून एकाच वेळी टिपली गेली आणि तिच्या प्रकाशात नव्याने घडलेल्या जड मूलद्रव्यांच्या खुणा दिसल्या. चढण चढवण्याची किंमत तिथे मोजली गेली ती कोसळत्या ताऱ्यांच्या गुरुत्वाकर्षणातून. तारापूरच्या भट्टीत ९२ प्रोटॉनांचा तो कोंडमारा सुटतो, तेव्हा सूर्यही जन्माला आला नव्हता त्या काळी भरलेली ती रक्कम आपण आज खर्ची टाकत असतो.